फॉरमॅट मारण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. त्याच्या आगेमागे घरोघरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढवायची लगबग उडाली, आणि अशा लगबगीत काही अपग्रेड अर्ध्यात फसणार हे ठरलेलंच. फसल्यावरचा संवादही जवळजवळ ठरलेला असतो. दुकान बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या संपिगे रोडवरचं असो की पुण्यातल्या एखाद्या पेठेतलं, काउंटरपलीकडचा तंत्रज्ञ पडद्याकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ म्हणजे सी ड्राइव्ह पुसायचा आणि कोऱ्या पाटीवर विंडोज नव्याने बसवायची. ग्राहक मान डोलावतो, कारण नाही म्हणायला त्याच्याकडे काही आधार नसतो. तो आधार असतो, आणि बहुतेक वेळा त्याच यंत्रात असतो. फसलेलं अपग्रेड म्हणजे पुष्कळदा यंत्राने वेळीच घेतलेली माघार असते, आणि ती का घेतली हे यंत्र लिहून ठेवतं. फॉरमॅट ती नोंद पुसतो, तिच्याबरोबर बाकीचंही पुसतो, आणि मूळ कारण सी ड्राइव्हच्या बाहेर असेल तर त्याला हातही लावत नाही.

हे पटायला अपग्रेड चालू असताना आत काय घडतं ते पाहायला हवं. मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञांसाठीच्या कागदपत्रांत या कामाचे चार टप्पे सांगितले आहेत. पहिला टप्पा जुनी विंडोज चालू असतानाच पार पडतो: जागा पुरते का, प्रोसेसर चालतो का, कुठलं सॉफ्टवेअर आडवं येतं का हे तपासलं जातं आणि नव्या फायली उतरवून ठेवल्या जातात. इथे अडलं तर काहीच बदललेलं नसतं. मग कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि एका छोट्या तात्पुरत्या विंडोजमध्ये शिरतो. काळ्या पडद्यावर टक्केवारी फिरते तो हा दुसरा टप्पा. यात जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात हलवली जाते आणि तिच्या जागी नवी मांडली जाते. तिसऱ्या टप्प्यात नवी विंडोज पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहते आणि ग्राफिक्स, वाय-फाय, ब्लूटूथ यांचे ड्रायव्हर जुळवते. चौथ्यात वापरणाऱ्याची खाती, सेटिंग आणि कागदपत्रं नव्या घरात आणली जातात. दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत कुठेही घोटाळा झाला तर सेटअप केलेले बदल मागे घेत असल्याची सूचना दाखवतो आणि जुनी विंडोज परत जागेवर आणतो. सगळं सुरळीत झालं तरी पुढचे १० दिवस मागे जायचा रस्ता उघडा ठेवलेला असतो. इतकी माघारीची सोय ज्या प्रक्रियेत मुद्दाम करून ठेवली आहे, तिथे पहिल्या ठेचेला सगळं पुसून टाकणं म्हणजे ती सोय वाया घालवणं आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर या टप्प्यांना कित्येक तास लागू शकतात. टक्केवारी हलत नाही म्हणून पॉवरचं बटण दाबून धरणं, किंवा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची वीज मध्येच जाणं, यानेही माघारीचं काम बिघडू शकतं. असे अपघात होतात, पण त्यांचा दोष अपग्रेडच्या माथी मारता येत नाही.

आता ती नोंद. माघारीनंतर पडद्यावर किंवा अपडेटच्या इतिहासात एक लांबलचक संकेतांक दिसतो. त्याच्या सुरुवातीचं शून्य आणि एक्स सोडून दिले तर उरतं ते साधारण असं: सी१९००१०१, आणि त्यामागे २००१७. माणसं हे अगम्य समजून सोडून देतात. खरं तर हा मल्लेश्वरममधल्या पत्त्यासारखा प्रकार आहे. १८९८ च्या प्लेगनंतर बंगळूरने आखून वसवलेली ही वस्ती, तिला नाव मिळालं ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून, आणि इथल्या रस्त्यांना आहेत आकडे. अमुक मेन, तमुक क्रॉस एवढं कळलं की वस्ती ठाऊक नसलेला माणूसही दारापर्यंत पोचतो. संकेतांकाचा दुसरा भागही असाच वाचायचा: पहिला आकडा टप्पा सांगतो, शेवटचे आकडे त्या टप्प्यातलं काम. २००१७ म्हणजे दुसरा टप्पा, काम होतं बूट होण्याचं. तात्पुरती विंडोजच सुरू होऊ शकली नाही, आणि याची नेहमीची कारणं म्हणजे एखादा ड्रायव्हर किंवा बाहेरच्या कंपनीचं डिस्क कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर. ३००१८ म्हणजे तिसरा टप्पा, एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरने सेटअपला उत्तर देणं थांबवलं. यावर मायक्रोसॉफ्टचाच सल्ला असा की कीबोर्ड, माऊस आणि पडदा सोडून बाकी सगळ्या वायरी काढाव्यात आणि पुन्हा करून पाहावं. जुना प्रिंटर, वेबकॅम, कार्ड रीडर, यूएसबीचा हब, सगळं बाजूला. ४०००डी म्हणजे चौथा टप्पा, माहिती हलवताना अडखळलं. पहिला भाग, सी१९००१०१, एकंदरीत ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. ८००७००७० आला तर सी ड्राइव्हवर जागा नाही, एवढाच अर्थ. सी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्रॅम आडवा आला आहे. सी१९००१०७ दिसला तर मागच्या प्रयत्नाची साफसफाई अजून बाकी आहे, कॉम्प्युटर एकदा रिस्टार्ट करा. यांतल्या एकाही दुखण्याला फॉरमॅटची गरज नाही. याहून खोलात जायचं तर सेटअपच्या सविस्तर नोंदी सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरात असतात. त्या वाचून कारण दोनचार ओळींत सांगणारं ‘सेटअपडायग’ नावाचं साधन मायक्रोसॉफ्ट फुकट देते. त्याची भाषा रुक्ष आहे, पण संपिगे रोडवरच्या तंत्रज्ञाला ती नक्की कळते.

कारण सी ड्राइव्हच्या बाहेर कसं असू शकतं, याची दोन उदाहरणं. कॉम्प्युटर चालू होताना सर्वांत आधी वाचला जाणारा डिस्कचा एक छोटा भाग असतो. तो पडद्यावर ड्राइव्ह म्हणून दिसत नाही, आणि पुष्कळ यंत्रांत तो फक्त १०० एमबीचा आहे. त्यात साधारण १५ एमबी मोकळी जागा नसेल तर अपग्रेड ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ भाग बदलता आला नाही अशी तक्रार करून थांबतं. तो भरतो कशाने? बूट होतानाचे संदेश वेगवेगळ्या लिप्यांत दाखवण्यासाठी ठेवलेल्या फॉन्टांनी, आणि काही कंपन्यांच्या बायॉसच्या फायलींनी. मायक्रोसॉफ्टने सांगितलेला उपाय त्या फॉन्टच्या फायली काढून टाकण्याचा आहे. हे दहा-पंधरा मिनिटांचं काम जाणकाराच्याच हातून करून घ्यावं. उलट ‘डी वरचे फोटो तसेच ठेवतो, फक्त सी फॉरमॅट करतो’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हातून हा भाग बहुधा होता तसाच राहतो, आणि पुढच्या अपग्रेडला तीच ठेच लागू शकते. दुसरं उदाहरण २०२४ च्या ऑक्टोबरमधलं. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या मालिकांतल्या काही २ टीबी एसएसडींवर यंत्र कोसळल्याचा निळा पडदा वारंवार येऊ लागला. या एसएसडी स्वतःच्या कामासाठी कॉम्प्युटरची थोडी मेमरी उसनी घेतात. आधीची विंडोज ती ६४ एमबीपुरती मर्यादित ठेवत होती, नवीने त्यांना २०० एमबीपर्यंत मोकळीक दिली, आणि तिथे त्यांच्या फर्मवेअरमधला दोष उघडा पडला. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर तो प्रश्न मिटला. ज्यांनी घाईने फॉरमॅट मारून तीच आवृत्ती त्याच डिस्कवर ताजी बसवली असेल, त्यांच्यासमोर तोच निळा पडदा उभा राहायला काहीच आडकाठी नव्हती. त्याच काळात मायक्रोसॉफ्टने आसुसच्या लॅपटॉपांच्या दोन मॉडेलांनाही ही आवृत्ती देणं काही काळ थांबवलं होतं. कंपनी अशा यंत्रांचं अपग्रेड स्वतःच रोखून धरते, म्हणून ‘शेजाऱ्याला विंडोज ११ आली, मला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर कधी कधी ‘तुमच्या भल्यासाठी’ असंही असतं. अशा वेळी पेन ड्राइव्हवरून ती जबरदस्तीने चढवणं हा आगाऊपणा ठरतो.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञांचाच असतो, आणि तो मोडीत काढण्यासारखा नाही. ताजी विंडोज स्वच्छ असते, वर्षानुवर्षांचा कचरा निघून जातो, यंत्र हलकं होतं. खरं आहे. पण हा कचरा कोणाला कचरा वाटतो, हेही पाहावं. मल्लेश्वरममधल्या जुन्या घरांत निवृत्त माणसांची टेबलं आहेत आणि त्यांवर दहा-बारा वर्षं चाललेले कॉम्प्युटर. त्यात कन्नड टंकनासाठी ‘नुडी’ किंवा ‘बरह’ असू शकतं, मराठी घरात ‘श्री-लिपी’ असेल, हिशेबासाठी टॅलीची जुनी आवृत्ती असेल, ज्याची सीडी केव्हाच हरवली अशा स्कॅनरचा ड्रायव्हर असेल. युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेली कागदपत्रं त्या फॉन्टांशिवाय उघडली तर पडद्यावर अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. मंडळाच्या वार्षिक अहवालांपासून घराण्याच्या वंशावळीपर्यंत सगळं त्यात असू शकतं. फोटो पुष्कळदा परत आणता येतात, कारण ते कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले असतात. पण ज्याचा इन्स्टॉलर आता कुठेच मिळत नाही असा प्रोग्रॅम परत आणता येत नाही. अपग्रेडमध्ये बसवलेले प्रोग्रॅम टिकतात, फॉरमॅटमध्ये टिकत नाहीत. ‘स्वच्छ’ या शब्दामागे हा फरक दडून जातो.

ताज्या विंडोजची आणखी एक बाजू तंत्रज्ञ क्वचितच सांगतात. २४एच२ नव्याने बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं, तर पात्र यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. जुन्या विंडोजवरून अपग्रेड करणाऱ्यांना ही सक्ती नाही. कुलपाची किल्ली ४८ आकड्यांची असते आणि ती त्या खात्यात जाऊन बसते. आता दुकानात घाईगर्दीत तंत्रज्ञाने स्वतःच्या किंवा तात्पुरत्या ईमेलने खातं उघडून विंडोज बसवली असेल, तर किल्ली कोणाच्या खिशात गेली? पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस अद्ययावत झाला आणि यंत्राने ती किल्ली मागितली, तर मालकाला स्वतःच्याच फायली उघडता येणार नाहीत. फॉरमॅट हा निर्धोक उपाय आहे, ही समजूत विंडोज ७ च्या काळात जेवढी खरी होती तेवढी आता राहिलेली नाही. करायचाच असेल तर आपल्या खात्याने, आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावा आणि किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. अपग्रेड एवढं सुरक्षित असेल तर २०१८ साली काय झालं होतं? २ ऑक्टोबर २०१८ ला आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीने काही जणांच्या फायली खरोखरच पुसल्या. ज्यांनी आपली ‘डॉक्युमेंट्स’सारखी फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती पण मूळ जागीही फायली राहू दिल्या होत्या, त्यांच्या त्या मूळ जागच्या फायली निरर्थक समजून काढून टाकल्या गेल्या. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने ती आवृत्ती मागे घेतली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर दुरुस्त करून पुन्हा दिली. म्हणजे यशस्वी झालेलं अपग्रेडसुद्धा घात करू शकतं. हे मान्यच करायला हवं, पण त्यातून फॉरमॅटची बाजू बळकट होत नाही, बॅकअपची होते. आणि बॅकअपबद्दल आपल्याकडे एक घट्ट गैरसमज आहे: डी ड्राइव्हवर कॉपी केलं की झालं. सी आणि डी ही बहुधा एकाच डिस्कची दोन नावं असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात, आणि डिस्कचे भाग नव्याने पाडताना एका चुकीच्या क्लिकने डी ही जाऊ शकतो. बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरपासून वेगळी काढून कपाटात ठेवता येईल अशी वस्तू. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क एस. पी. रोडवर, म्हणजे बंगळूरच्या त्या प्रसिद्ध कॉम्प्युटर बाजारात, हवी तशी मिळते. गेलेला डेटा परत मिळवून देणाऱ्यांचं बिल पाहिलं की तिची किंमत आपोआप कमी वाटू लागते.

तिसरा आक्षेप पैशाचा. दुकानदाराला फॉरमॅटचं काम ठाऊक असतं: इतके तास, इतके रुपये, शेवटी चालू झालेलं यंत्र. निदान करत बसायचं तर दोन तास जातील आणि हाती काही लागेलच असं नाही; मग त्या वेळाचे पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? यात त्याची लबाडी नाही. ग्राहक निदानाला पैसे मोजायला तयार नसतो, म्हणून निदान करणाराही तयार होत नाही. त्यामुळे ग्राहकानेच थोडी जबाबदारी घ्यायला हवी. संकेतांकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुकानात नेण्याआधी घरीच जास्तीची उपकरणं काढून, सी ड्राइव्हवर जागा करून, बाहेरचा अँटिव्हायरस काढून, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेट आणि ग्राफिक्सचे नवे ड्रायव्हर घालून एकदा पुन्हा प्रयत्न करावा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. न मिटलं तर दुकानदाराला ‘चालू करून द्या’ म्हणण्याऐवजी ‘सेटअपडायगचा निष्कर्ष काढून द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या’ असं सांगावं. मागणी बदलली की धंदाही बदलतो, निदान मल्लेश्वरमसारख्या भागात तरी, जिथे गिऱ्हाईक शिकलेलं आणि चिकित्सक आहे.

काही यंत्रांत अपग्रेड फसत नाही, मुळात सुरूच होत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी डिस्क आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा. इथेही ‘यंत्र बाद’ असा शेरा लगेच मारू नये. टीपीएम पुष्कळदा प्रोसेसरातच असतो आणि बायॉसमध्ये बंद करून ठेवलेला असतो. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली असेल तर सिक्युअर बूट चालत नाही, आणि ‘त्यासाठी सगळं पुसावंच लागतं’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. २०१७ पासून विंडोजमध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाचं साधन आहे आणि ते फायलींना धक्का न लावता डिस्कची आखणी बदलतं. बॅकअप आधी घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको.

प्रोसेसरच जुना असेल तर मात्र आडमार्गाने विंडोज ११ चढवण्याच्या युक्त्यांना बळी पडू नये. अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ तर काही विशिष्ट सूचना न समजणाऱ्या फार जुन्या प्रोसेसरांवर सुरूच होत नाही. मग अपग्रेड हवंच कशाला, जुनी विंडोज चालते आहे ना, असं विचारणारे भेटतात. १२ मे २०१७ ला पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरसने ज्या खिंडीतून प्रवेश केला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेली यंत्रं बळी पडली. पाठिंबा संपलेल्या यंत्राला तर अशी दुरुस्ती सहसा येत नाही, आणि त्याच यंत्रावरून पेन्शनचं खातं आणि आयकर चालत असतील तर हा जुगार महागात पडेल. त्यातून वाट म्हणून मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी ३० डॉलर मोजायचे किंवा सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवायचा. ज्याला फक्त ब्राउझर आणि पत्रं लिहिणं पुरतं, त्याला उबुंटूसारखी लिनक्सही चालते. तिथे एका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून पुढच्यावर नेण्याचं दार पहिली दुरुस्त आवृत्ती आल्यावरच सर्वांसाठी उघडतात. ही सबुरी मला मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीपेक्षा जास्त आवडते.

ताज्या विंडोजचा मान राखावा अशी एक परिस्थिती उरते. नोंदींत वाचनाच्या चुका पुन्हा पुन्हा दिसत असतील, डिस्कची स्वतःची तब्येत तपासणारी स्मार्ट माहिती वाईट बोलत असेल, फिरत्या डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर अपग्रेड फसलं ते डिस्क मरणाला टेकली म्हणून. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे तिच्याकडून आणखी एक मोठं लेखन करून घेणं, आणि ते तिला झेपेलच असं नाही. इथे नवी एसएसडी घ्यावी, ताजी विंडोज तिच्यावर बसवावी, आणि जुनी डिस्क न पुसता काढून घेऊन नाव-तारीख लिहून खणात ठेवावी. नुडीची फोल्डरं, टॅलीचा डेटा, मंडळाच्या फायली जमेल तशा तिच्यावरून उतरवून घ्याव्यात. ती फार वेळ चालू ठेवू नये, कारण ती किती तास टिकेल हे कोणी सांगू शकत नाही.